उपेक्षित अग्रदूत : शिवराम जानबा कांबळे

आपल्या कोणत्याही विहारात वर्षभराचे कार्यक्रम ठरलेले असतात. 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 3 जानेवारीला सावित्रीमाई, 7 फेब्रुवारीला माता रमाई, 20 मार्चला महाडचे चवदार तळे, मग 11 एप्रिल, 14 एप्रिल, वैशाख पौर्णिमा, 26 जूनला शाहू महाराज, पुढे वर्षावास, धम्मचक्र प्रवर्तन दिन, 26 नोव्हेंबर, 6 डिसेंबर. लहान पोरांनाही या तारखा पाठ असतात. शाळेच्या पुस्तकात जो इतिहास पुरेसा आला नाही, तो आपल्या आयाबायांनी या तारखांच्या आधाराने टिकवला. पांढरी साडी नेसून मेणबत्ती लावणाऱ्या म्हातारीला सनावळी विचारा, ती बिनचूक सांगेल.

या तारखांपैकी पहिली तारीख, म्हणजे 1 जानेवारी, आपल्याला मिळवून देण्यात ज्या माणसाचा वाटा मोठा आहे, त्या माणसाच्या नावाची मात्र एकही तारीख आपल्या यादीत नाही. त्यांचे नाव शिवराम जानबा कांबळे. पुण्याचे. चळवळीचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव चांगले माहीत आहे, मोठमोठ्या ग्रंथांत त्यांच्यावर पाने खर्च झालेली आहेत. पण वस्तीत, विहारात, जयंतीच्या मंडपात त्यांचा फोटो क्वचितच दिसतो. म्हणून या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्यांच्या जीवनाची ही तोंडओळख.

शिवराम जानबांचा जन्म 1875 सालचा. त्यांचे सगळे आयुष्य पुण्यात गेले. पुणे कॅम्पात इंग्रजांचा मेसॉनिक हॉल होता, तिथे ते बटलर म्हणून नोकरीला होते. आताच्या पोरांना बटलर म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. साहेबाच्या घरचे किंवा क्लबातले खाणेपिणे, टेबल, भांडीकुंडी, नोकरचाकर यांची व्यवस्था बघणारा माणूस. गावात ज्याच्या सावलीचाही विटाळ मानत, त्याच्या हातून कॅम्पातला साहेब जेवत होता. ही विसंगती त्या काळातल्या अनेकांनी पाहिली आणि गिळली. शिवराम जानबांनी ती गिळली नाही. त्यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती, इस्टेट नव्हती. लिहिण्यावाचण्याची भूक होती आणि इंग्रजी कारभार कसा चालतो, अर्ज कुणाकडे करायचा, उत्तर आले नाही तर पुढे कुठे जायचे, याची जाण होती.

त्या काळी आपल्या समाजाचे सर्वांत मोठे दुखणे होते पलटणीचे. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान्पिढ्या होते. पलटणीमुळे पगार होता, पेन्शन होती, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पलटणीच्या शाळेत पोरांना अक्षरओळख होत होती. स्वतः बाबासाहेबांचे घराणे पलटणीतले, हे आपण जाणतोच. पण 1892-93 च्या सुमारास इंग्रज सरकारने धोरण बदलले. काही जाती लढवय्या आणि काही लढवय्या नाहीत असे ठरवून महारांची भरती बंद केली. सुभेदार रामजींनी आणि गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध खटपट केली. वलंगकरांनी 1894 साली विनंतीपत्र तयार केले, पण पेन्शन जाईल या भीतीने पेन्शनर मंडळी सह्या करायला कचरली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरात महिन्याची तेवढीच आवक, तो भिणारच.

हे लक्षात घेतले म्हणजे पुढे सासवडला जे घडले त्याची किंमत कळते.

1903 साली शिवराम जानबांनी सासवडला सभा घेतली. तिला 51 गावांतले महार जमले. सासवड म्हणजे काही परमुलूख नव्हे. आपल्या वडगाव निंबाळकरहून नीरेला जा, पुढे जेजुरी, त्यापुढे सासवड. एस.टी.ने दीड-दोन तासांची वाट. पण 1903 साली ती पायी किंवा बैलगाडीने करायची होती, आणि अंतर ही खरी अडचण नव्हतीच. महारवतन असलेल्या माणसाला गाव सोडता येत नव्हते. पाटलाचा निरोप, सरकारी टपाल, खजिन्याची राखण, आलेल्या अंमलदाराची घोडी, मेलेले ढोर, वेशीवरची येसकरकी, सगळे त्याच्याच गळ्यात. पाळीचा माणूस जागेवर नसला की शिव्या, मार, आणि सुगीला बलुत्यात खोट. त्यातून सरकारला अर्ज करायचा म्हणजे गावकीला न विचारता डोके वर काढायचे. एवढे सगळे ओलांडून एकावन्न गावांची माणसे एका ठिकाणी बसली. त्यांनी सरकारकडे जो अर्ज केला त्यावर 1588 जणांची नावे आहेत.

हा आकडा आपण पाठ करावा असा आहे. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नसणार, म्हणजे सह्या कमी आणि निशाण्याच जास्त असणार. पण प्रत्येक निशाणीमागे एक घर होते, आणि गावात परत गेल्यावर त्या घराला जाब विचारला जाणार होता.

मागणे काय होते? आमच्या मुलांना शिकू द्या. सरकारी नोकरीत, पोलिसात, पलटणीत आम्हाला घ्या. राज्य मागितले नाही, जमीनजुमला मागितला नाही. सरकारने ही मागणीसुद्धा मान्य केली नाही. साध्या शिपायाच्या जागेसाठीही नकार आला, तोही समतेच्या कायद्याची बढाई मारणाऱ्या सरकारकडून.

शिवराम जानबा बसून राहिले नाहीत. 1904 साली त्यांनी पुण्यात श्री शंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज ही संस्था काढली. नाव वाचून आजच्या बौद्ध वाचकाच्या कपाळाला आठी पडेल. शंकराचा प्रसाद कशाला, असे वाटेल. त्या काळी महार समाज स्वतःला सोमवंशी म्हणवून घेत होता, आणि देवाच्या नावाने काढलेल्या मंडळाला लोक चटकन जवळ येत. माझ्या मते त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण याच नावात आहे. आपण 1956 नंतरच्या उजेडात मागे बघतो आणि ज्यांच्या नावात देव दिसतो त्यांना बाजूला ठेवतो. पण 1904 मध्ये बाबासाहेब तेरा वर्षांचे होते. दीक्षाभूमी अजून बावन्न वर्षे पुढे होती. ज्या माणसाला पुढचा रस्ता दिसत नव्हता, त्याने आपल्या पायापुरता कंदील धरला. तो कंदील कुठल्या तेलाचा होता यावरून त्याला नापास करणे मला तरी पटत नाही.

1 जुलै 1908 रोजी त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. अस्पृश्य माणसाने स्वतः संपादक होऊन काढलेल्या अगदी पहिल्या पत्रांपैकी हे एक. 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला 31 जानेवारी 1920 ला, म्हणजे साडेअकरा वर्षांनी. वलंगकर त्याआधी लिहीत होते, पण दुसऱ्यांच्या पत्रांतून. नागपूरकडे किसन फागोजी बनसोड्यांची पत्रे निघाली ती 1910 च्या पुढे. आता विचार करा, नोकरी बटलरची, वाचक बहुतेक निरक्षर, वर्गणी भरण्याइतका पैसा समाजात नाही, आणि हा माणूस दरमहा मासिक छापतोय. एकाने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे, अशा वाचकांसाठीच ते होते. फार वर्षे ते चालले नाही. पण तेवढ्या काळात त्याने एक काम असे केले की त्यासाठी शिवराम जानबांचे नाव आपल्या भागात तरी घरोघरी असायला हवे होते.

ते काम मुरळ्यांचे. जेजुरी आपल्या शेजारी. सोमवतीला, चंपाषष्ठीला आपल्या गावांतून माणसे जात. नवस फेडायला लोक पोटची पोर खंडोबाला वाहत. तिचे लग्न देवाशी लागले की माणसाशी लागत नसे, आणि पुढे तिची काय परवड होई ते वेगळे सांगायला नको. या मुली बहुतेक करून दलित जातींच्या. देव सगळ्यांचा, पण पोर द्यायची ती आम्ही. शिवराम जानबांनी आपल्या मासिकातून या रूढीवर कडाडून टीका केली आणि मुरळ्यांनी हे जिणे सोडावे, त्यांच्याशी लग्न करायला तरुणांनी पुढे यावे, असे आवाहन केले. त्याला उत्तर म्हणून शिवूबाई नावाच्या एका मुरळीने मासिकाला पत्र लिहिले. 1909 साली ते छापले गेले. तिने आपल्या जिण्याची हकिकत सांगितली आणि लग्न करून संसार करण्याची तयारी दाखवली. आणि शिवराम जानबांच्याच कार्यकर्त्यांतला एक तरुण पुढे आला, त्याने तिच्याशी लग्न केले.

ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. भाषणात रूढी मोडा म्हणणारे पुष्कळ असतात. इथे संपादकाने आवाहन केले, बाईने स्वतः तोंड उघडले, आणि मंडळातल्या पोराने ते निभावले. दलित स्त्रीच्या छापील शब्दांचा इतिहास सांगताना आपण मुक्ता साळवेच्या 1855 च्या निबंधापासून सुरुवात करतो, ते बरोबरच आहे. पण त्यानंतर थेट पुढच्या काळात उडी मारतो. मधल्या वाटेवर शिवूबाई उभी आहे, तिला कुणी हाक मारत नाही. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात कायदा झाला तो 1934 साली.

सासवडचा अर्ज फेटाळला गेला तरी पाठपुरावा सुटला नव्हता. 1910 साली दक्षिणेतल्या महारांच्या परिषदेच्या वतीने शिवराम जानबांनी दुसरा अर्ज केला, तो थेट विलायतेला, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे. मुंबई सरकार ऐकत नाही ना, मग त्याच्या वरच्याला विचारू. मोठमोठे राजकीय हक्क आम्ही मागत नाही, सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा, पोलीस शिपायाची आणि फौजेतल्या शिपायाची जागा द्या, असा त्याचा मथितार्थ होता. भाषा नम्र होती, राजनिष्ठेची होती. याही कारणाने काहींना शिवराम जानबा अडचणीचे वाटतात. देश स्वातंत्र्यासाठी लढत असताना हे इंग्रजांच्या दारात काय करत होते, असे विचारले जाते. विचारणाऱ्याने आधी हे सांगावे की गावच्या चावडीत, देवळात, पाणवठ्यावर त्यांना उभे तरी कोण करत होते. दार एकच किलकिले होते, ते त्यांनी ठोठावले.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला एकाएकी महार लढवय्ये वाटू लागले. 1917 साली 111 वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपले, गरज संपली, आणि 1921 मध्ये ती पलटण मोडली. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरे काय!

आता कोरेगावच्या स्तंभाकडे येऊ. 1 जानेवारी 1818 ची लढाई आपल्याला ठाऊक आहे. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालच्या मुंबई फौजेच्या तुकडीने पेशव्यांच्या मोठ्या सैन्याला दिवसभर थोपवले. इंग्रजांनी 1821 पासून तिथे स्तंभ उभारला आणि मेलेल्या शिपायांची नावे कोरली. त्या 49 नावांपैकी 22 नावांच्या शेवटी नाक आहे, म्हणजे ती महार शिपायांची. इंग्रजांच्या लेखी तो त्यांच्या विजयाचा दगड होता. साहेब लोक येत, टोपी काढत, जात. शिवराम जानबांनी त्या दगडावरची आपल्या माणसांची नावे वाचली. ज्यांना तुम्ही लढवय्ये नाहीत म्हणून हाकलता, त्यांची नावे तुमच्याच स्तंभावर आहेत, असा त्यांचा बिनतोड मुद्दा होता.

त्या जागी त्यांनी लोक जमवले आणि 1 जानेवारी 1927 रोजी तिथे झालेल्या सभेला बाबासाहेबांना बोलावले. बाबासाहेब आले. त्यानंतर अडीच-पावणेतीन महिन्यांत महाडचा सत्याग्रह झाला. दरसालच्या 1 जानेवारीला आज जो जनसागर लोटतो त्याची सुरुवात या सभेशी जोडलेली आहे. 2018 साली लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी तिथे दंगल झाली आणि कोरेगावचे नाव देशभर वेगळ्याच कारणाने गाजले. त्या वेळी टी.व्ही.वर लढाईबद्दल, पेशव्यांबद्दल, इंग्रजांबद्दल रात्रंदिवस वाद चालले. स्तंभावर आपल्या माणसांनी जमायचे असते हे शिकवणाऱ्या माणसाचे नाव मात्र फारसे कुणी घेतले नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते अगदीच अवांतर नाही. त्याच सुमाराला, फेब्रुवारी 1926 मध्ये, अमेरिकेत कार्टर वुडसन नावाच्या काळ्या विद्वानाने निग्रो इतिहास सप्ताह सुरू केला. वुडसनचे आईबाप गुलामीत जन्मलेले. तो स्वतः कोळशाच्या खाणीत राबला आणि पुढे हार्वर्डचा डॉक्टर झाला. गुलामगिरी रद्द करणारे लिंकन आणि गुलामीतून निसटून लढवय्ये नेते झालेले फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस काळे लोक फेब्रुवारीत आधीपासून पाळत होतेच. वुडसनने त्यांच्यालगत आठवडा ठरवला, म्हणजे शाळेतल्या मुलांना निदान तेवढे दिवस तरी आपल्या वाडवडिलांची गोष्ट कळावी. पन्नास वर्षांनी, 1976 साली, त्या आठवड्याचा महिना झाला आणि सरकारनेही तो मानला. शिवराम जानबांना वुडसन माहीत असण्याचे कारण नाही, आणि वुडसनलाही पुण्याच्या कॅम्पातला बटलर माहीत नव्हता. पण दोघांनी एकाच वेळी एकच गोष्ट ओळखली होती. ज्यांच्याकडे ग्रंथ नाहीत, इमारती नाहीत, त्यांनी निदान दिवस राखावा. पुण्यातच 14 एप्रिल 1928 रोजी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली जयंती साजरी केली. ती प्रथा आज जगभर गेली. 2015 पासून तर आपल्याकडच्या लेकींनी वुडसनच्या धर्तीवर एप्रिल हा दलित इतिहास महिना म्हणून पाळायला सुरुवात केली. म्हणजे वर्तुळ कुठून कुठे फिरले बघा.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी शिवराम जानबा पुन्हा मैदानात उतरले. पर्वतीच्या देवस्थानात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून पुण्यात सत्याग्रह उभा राहिला, त्याचे पुढारपण त्यांच्याकडे आले. बरोबर पां. ना. राजभोज होते. स्पृश्यांपैकी काकासाहेब गाडगीळ, तरुण एस. एम. जोशी अशी मंडळी होती. 13 ऑक्टोबर 1929 रोजी सत्याग्रही टेकडीकडे निघाले. सनातन्यांनी दारे बंद केली, दगडांचा मारा केला. राजभोजांसह कित्येक जण जखमी झाले. सत्याग्रह पुढे 1930 च्या जानेवारीपर्यंत चालला, पण पर्वतीची दारे तेव्हा उघडली नाहीत. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह मार्च 1930 मध्ये सुरू झाला, म्हणजे पर्वतीच्या नंतर. काळाराम सर्वांना माहीत, पर्वती पुण्यातल्यांनासुद्धा माहीत नाही. रोज सकाळी हजारो लोक व्यायामाला त्या पायऱ्या चढतात. त्या पायऱ्यांशी आपल्या माणसांचे रक्त सांडले होते, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

पुढे देवळांचा नाद बाबासाहेबांनीच सोडला आणि 1935 साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. शिवराम जानबांच्या पिढीचे काम तोवर होत आले होते. नेतृत्व बाबासाहेबांकडे गेले होते, आणि या म्हाताऱ्या पिढीने वाट अडवली नाही, हेही थोडे नाही. आपल्याकडे खुर्चीसाठी काय काय चालते ते आपण पाहतोच.

दुसरे महायुद्ध आले. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. सासवडच्या सभेला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती. अर्जाखाली निशाणी उठवणाऱ्यांपैकी किती जण हे बघायला उरले असतील कोण जाणे. त्यांच्या नातवंडांच्या छातीवर मात्र तो बिल्ला लागला. पुढच्याच वर्षी, 1942 मध्ये, शिवराम जानबा गेले. महारवतन कायद्याने संपायला अजून सोळा वर्षे होती.

त्यांचे जीवनचरित्र त्यांच्या हयातीतच, 1930 साली, एच. एन. नवलकर यांनी इंग्रजीत लिहिले. अर्ज-विनंत्यांचा मजकूर त्यामुळे वाचला, नाहीतर तोही गेला असता. पण इंग्रजीत असल्यामुळे तो आपल्या वस्तीपर्यंत आला नाही, विद्यापीठांतच राहिला. आपल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींपैकी कुणीतरी सासवडच्या आणि 1910 च्या अर्जाचे मराठीत सोपे रूपांतर करावे, आणि विहाराच्या ग्रंथालयात ते ठेवावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे. दुसरी विनंती तारखेबद्दल. 'सोमवंशीय मित्र' 1 जुलैला निघाला. तो वर्षावासाच्या तोंडाशीच येतो, आणि त्या दिवसांत संध्याकाळी विहारात माणसे जमतातच. येत्या 1 जुलैला बुद्धवंदना झाल्यावर अर्धा तास काढावा, 51 गावांचा तो अर्ज मोठ्याने वाचावा, आणि शिवूबाईचे पत्र एखाद्या मुलीने वाचावे.